दाखल क्रमांक ४४१७

येरवडा, पुणे
रविवार, १८ नोव्हेंबर २००७

आदरणीय पद्मजाबाई,

घडलं ते क्रमानं लिहिते.

१. मंडईजवळच्या आपल्या वाचनालयाची पुस्तकं २८ जून २००६ रोजी नव्या संगणक प्रणालीवर आली. प्रणाली मुक्त स्रोत, म्हणजे कुणीही विनामूल्य घ्यावी, उघडून पाहावी, हवी तशी बदलावी अशी. ती बसवण्याचं काम मी केलं. आपण तेव्हा ग्रंथपाल होतात.

२. ३० जून रोजी आपण निवृत्त झालात आणि नंतर बडोद्याला बहिणीकडे राहायला गेलात.

३. दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक १७,३४० होता. प्रणालीवर १७,७५२ पुस्तकं आली. वाढलेल्या ४१२ पुस्तकांबद्दल कार्यवाह रंगनाथराव यांनी आपल्याला निरोप देतानाच्या भाषणात संगणकाचं कौतुक केलं.

४. मे २००७ मध्ये पहिली पडताळणी झाली. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन त्यावरची पट्टी यंत्रानं वाचली. ४१२ पुस्तकं सापडली नाहीत.

५. नोंदी चढवताना काही पुस्तकांना नवे क्रमांक पडले. हा फरक त्यामुळे आला असावा.

६. २७ ऑगस्टला शिपाई बाबुराव यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. बाबुराव म्हणजे माझे वडील. या यादीत त्यांना नावानंच लिहिते, कारण चौकशीच्या कागदांत तसंच लिहिलं आहे.

७. ९ सप्टेंबरला वाचनालय समितीचे दोन सभासद, रंगनाथराव आणि आणखी एक जण, बाबुराव यांच्या घरी आले. वाचनालयाचा शिक्का असलेली चौदा पुस्तकं त्यांनी नेली.

८. १ ऑक्टोबरपासून बाबुराव निलंबित आहेत. नोकरीची तीस वर्षं पूर्ण झाली आहेत. निवृत्तीला पाच महिने उरले आहेत.

९. चौकशी शनिवारी, १५ डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता आहे. आरोप चोरीचा. सिद्ध धरला तर बडतर्फी आणि पोलिसांत तक्रार.

मुद्दा ७ थोडा सविस्तर लिहिते, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे.

त्या रविवारी रंगनाथरावांना येरवड्यात आमची गल्ली सापडेना, तेव्हा बाबाच चौकापर्यंत जाऊन त्यांना घेऊन आले. आईनं पोहे टाकले. रंगनाथराव बसले नाहीत. सरळ माझ्या टेबलाशी गेले आणि फळीवरची पुस्तकं एकेक काढून पहिलं पान बघू लागले. पानावर शिक्का, शिक्क्यात बाबांच्या अक्षरातला क्रमांक. चौदा पुस्तकं बाजूला ठेवून झाल्यावर ते म्हणाले, "बाबुराव, तुमच्या घरचा संदर्भ विभाग आमच्यापेक्षा बरा दिसतोय."

आईला वाटलं, कौतुक करताहेत. ती म्हणाली, "पोरीनं सगळी वाचलीत, साहेब. एकूणएक."

"हो का. तेही लिहून घेतो," रंगनाथराव म्हणाले आणि त्यांनी पोह्यांची बशी घेतली.

ती पुस्तकं कोणती, हे आपल्याला आठवत असेल. शेवटची आठ पानं नसलेली त्रिकोणमिती. नकाशांचं एक पुस्तक, ज्यात अजून सोव्हिएत रशिया आहे. भौतिकशास्त्राचा एक जाड ग्रंथ, ज्याची पाठ मी दोनदा खळीनं चिकटवली. चोरायला कुणी असली पुस्तकं निवडत नाही, असं मी म्हणाले. "आता फाटलीत. नेली तेव्हा चांगली असतील," असं उत्तर मिळालं.

पुढचं आपल्याला सांगण्याची गरज नाही, पण कागदावर असावं म्हणून लिहिते.

पद्धत आपली होती. फाटलेलं पुस्तक रीतसर रद्द करायचं तर यादी लागते, समितीचा ठराव लागतो, आणि वार्षिक तपासणीत पुस्तकांची एकूण संख्या घटलेली दिसते. म्हणून आपण ठरावाच्या वाटेला न जाता फाटकं पुस्तक काढून टाकायचात, त्यातलं एखादं मला द्यायचात, आणि त्याचा क्रमांक देणगीत आलेल्या पुढच्या पुस्तकाला द्यायचात. दाखल नोंदवहीत जुनंच नाव राहायचं. नवं नाव आपल्या ड्रॉवरमधल्या लाल वहीत. १९८८ पासून अठरा वर्षं असं चाललं. संख्या कधी घटली नाही, नोंदवहीत कधी रेघ पडली नाही. तपासणीला येणारे दरवर्षी त्या नोंदवहीची तारीफ करून जायचे, आणि आपण ती तारीफ मला सांगायचात.

शिक्का मारणं आणि आपण सांगाल तो क्रमांक शाईनं लिहिणं हे बाबांचं काम. त्यामुळे आज देणगीच्या ४१२ पुस्तकांमध्ये आत दुसऱ्याच पुस्तकाचा क्रमांक आहे आणि अक्षर बाबांचं आहे. समिती म्हणते, चांगली पुस्तकं यानं घरी नेली आणि त्यांचे क्रमांक देणगीच्या पुस्तकांवर घालून जागा भरली. नुसते कागद पाहिले तर तसंच दिसतं.

बाबांनी आपलं नाव घेतलेलं नाही. नोटिशीच्या उत्तरात त्यांनी एकच वाक्य लिहिलं: मी चोरी केलेली नाही. बाकीचं का लिहीत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बाईंनी तुला खिडकीजवळची खुर्ची दिली होती."

अभ्यासिका सभासदांसाठी होती. नोकरांच्या मुलांना बसता येत नव्हतं. आमचं घर एका खोलीचं होतं. आपण मला सहा वर्षं बसू दिलंत. हे मी विसरलेली नाही. पण ते चौकशीतलं उत्तर होऊ शकत नाही.

दोन गोष्टी हव्या आहेत. लाल वही, जी आपण जाताना सोबत नेलीत. आणि क्रमांक बदलण्याची पद्धत आपल्या सांगण्यावरून चालत होती, अशा आशयाचं सहीचं एक पान.

कल्याणी


येरवडा, पुणे
रविवार, २५ नोव्हेंबर २००७

पद्मजाबाई,

उत्तर आलं नाही. मी मंगळवारी, गुरुवारी आणि काल फोन केला. तिन्ही वेळा तुमच्या बहिणीनं सांगितलं की ताई आराम करतेय. काल त्या हे सांगत असताना तुम्ही मागे दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त ठेवायला सांगत होतात. तुमचा आवाज मी सहा वर्षं रोज ऐकलेला आहे.

हे पत्र त्यासाठी नाही. मागच्या पत्रातला मुद्दा ५ बरोबर नव्हता. दुरुस्ती करते.

"नवे क्रमांक पडले" असं मी लिहिलं होतं. क्रमांक पडत नाहीत. कुणीतरी देतं. मी दिले.

दाखल नोंदवही दोन मुलींनी बसून संगणकावर उतरवली. लाल वही तुम्ही त्यांच्या हाती दिली नाहीत, म्हणून ती मी स्वतः उतरवली, दोन रविवार तुमच्या घरी बसून. २८ जूनला मी आधी नोंदवही चढवली. सगळी चढली. मग लाल वही. संध्याकाळी पाच चाळीसला पडद्यावर ४१२ ओळींची यादी आली. प्रत्येक ओळीत एकच तक्रार होती: हा क्रमांक आधीच दिलेला आहे.

तुम्ही माझ्या खांद्यावरून वाचत होतात. मी म्हणाले, सोपं आहे, जुनी ४१२ पुस्तकं रद्द झाली अशी खूण करते आणि क्रमांक नव्यांना देते. दहा मिनिटांचं काम आहे.

तुम्ही म्हणालात, "कल्याणी, परवा मी जाणार. अठरा वर्षांत एक रेघ मारली नाही. आता शेवटच्या दोन दिवसांत चारशे बारा मारू?"

"रेघ नाही, बाई. नुसती खूण."

"बघणाऱ्याला रेघच दिसते. तू त्यांना पुढचे नंबर दे आणि टाक. पुन्हा कुणी मोजणार आहे का?"

मी पुढचे नंबर दिले. १७,३४१ ते १७,७५२. चार मिनिटं लागली. जुनी ४१२ नावं तशीच राहिली, जणू ती पुस्तकं अजून कपाटात आहेत. नव्या पट्ट्या छापल्या. बाबांनी आठवडाभर उभं राहून त्या चिकटवल्या. त्या संध्याकाळी ते चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "झालं का?"

"झालं," आपण दोघी एकदम म्हणालो.

रंगनाथराव आता सगळ्यांना सांगतात की फुकटचं सॉफ्टवेअर घेतल्यावर दुसरं काय होणार. मला एवढंच लिहून ठेवायचं आहे की प्रणालीनं बरोबर केलं. एका क्रमांकावर दोन पुस्तकं घ्यायला तिनं नकार दिला. त्या खोलीत नकार देणारी ती एकटीच होती.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते.

यंदा जानेवारीत ग्रंथपालांसाठी एक कार्यशाळा झाली. लहान वाचनालयांनी मुक्त प्रणाली कशी घ्यावी, असा विषय. मला बोलावलं होतं. साठ-सत्तर माणसं होती. जुन्नर, भोर, सासवड, कुठून कुठून एसटीनं आलेली. बऱ्याच जणांकडे एकच संगणक होता आणि तोही कुणीतरी वापरून दिलेला. विकतच्या पॅकेजमध्ये ते पूर्वी एकदा अडकलेले होते. देणारा माणूस फोन उचलत नाही, नोंदी बाहेर काढता येत नाहीत, वाचनालय आपलं आणि यादी मात्र त्याची. मी त्यांना सांगितलं, इथं यादी तुमचीच राहते. हे खरं आहे. मग मी आपल्या वाचनालयाचा तक्ता दाखवला. शेवटची ओळ होती: नाकारलेल्या नोंदी, शून्य.

टाळ्या वाजल्या. त्यानंतर सहा वाचनालयांनी प्रणाली घेतली. हिंजवडीत माझ्या कंपनीच्या बातमीपत्रात माझा फोटो आला. आईनं तो बुद्धाच्या मूर्तीशेजारी लावला आहे.

बाबांना नोटीस आली त्या दिवशी मला कारण ठाऊक होतं. ४१२ हा आकडा वाचताक्षणी कळलं. त्या यादीची प्रत माझ्या संगणकात आहे. कोणत्या जुन्या पुस्तकाच्या जागी कोणतं नवं, ओळीला ओळ. मी बारा आठवडे ती कुणाला दाखवली नाही. आधी वाटलं, समितीला आपोआप कळेल. मग वाटलं, नोटीस मागे घेतील. मग वाटलं, तुम्ही काहीतरी कराल. मागचं पत्र लिहितानासुद्धा मी मुद्दा ५ तसा लिहिला, आणि तो तीन वेळा वाचून पाकीट बंद केलं.

काल बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली.

"म्हणजे चारशे बारा कुठून आले, हे तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि बाईंना."

"हो."

"मग मलाच तेवढं ठाऊक नव्हतं," ते म्हणाले आणि पाणी भरायला उठले. पाणी आलेलं नव्हतं. नळाखाली बादली ठेवून ते तिथंच बसून राहिले.

१५ तारखेला मी ती यादी चौकशीत देणार आहे. माझ्या नावानं. कार्यशाळा घेणाऱ्यांनाही कळवलं आहे की तक्त्यातली शेवटची ओळ खोटी होती. पण नुसती माझी यादी पुरणार नाही. समितीला ती मुलीनं बापासाठी घरच्या संगणकावर केलेली यादी वाटेल. लाल वही तुमच्या अक्षरात आहे आणि तारखा घातलेली आहे. ती कुणी आज बसून तयार करू शकत नाही.

मुद्दा ५ ची दुरुस्ती इथं संपली.

कल्याणी


येरवडा, पुणे
गुरुवार, ६ डिसेंबर २००७

पद्मजाबाई,

तुमचं पोस्टकार्ड सोमवारी मिळालं. साडेतीन ओळी आहेत. प्रकृती बरी नसते. जुन्या गोष्टी नीट आठवत नाहीत. वही बहुधा घर आवरताना रद्दीत गेली. बाबुरावांना नमस्कार.

मी आठवीत असताना तुम्ही मला पुस्तकांच्या सूचीची कार्डं लिहायला बसवलं होतं. एका पुस्तकावर प्रकाशनाचं वर्ष नव्हतं. मी "बहुधा १९६२" असं लिहिलं. तुम्ही कार्ड फाडलंत आणि म्हणालात, "नोंदीत बहुधा नसतं. माहीत असेल तर लिही, नसेल तर माहीत नाही असं लिही." माझं सगळं काम त्या एका वाक्यावर चालतं. तुमच्या कार्डातला तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला.

या आठवड्यात इथं काय झालं ते सांगते.

शनिवारी रंगनाथरावांनी मला वाचनालयात बोलावलं. तुमच्या खुर्चीवर आता कुणी बसत नाही. त्यांनी त्यावर फायली ठेवल्या आहेत. चहा मागवला. आवाज अगदी घरातल्यासारखा. म्हणाले, "हे बघ, आम्हालाही बाबुरावांना घालवून आनंद नाही. तू एक पान लिहून दे. सॉफ्टवेअरमध्ये दोष होता, त्यामुळे चारशे बारा खोट्या नोंदी तयार झाल्या. बाबुराव सोमवारपासून कामावर. आपण विकतचं पॅकेज आणू."

मी म्हणाले, दोष नव्हता.

"अगं, त्या सॉफ्टवेअरची अब्रू जाईल म्हणून तू कशाला झुरतेस? ते काय सदाशिव पेठेतलं आहे?"

मी विचारलं, की मी पान दिलं नाही तर? ते म्हणाले, "मग दोषी कुणीतरी लागेल ना. सॉफ्टवेअर नाही, बाई तर रिटायर होऊन गेल्या. मग उरलं कोण?"

त्यांनी तुमचं नाव घेतलं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक असल्यासारखं वाटलं. निदान अंदाज आहे. पण तुमचा फोटो दिवाणखान्यात लागला आहे, आणि फोटो उतरवण्यापेक्षा शिपाई काढणं सोपं आहे.

मी ते पान लिहिलं. हेही तुम्हाला माहीत असावं. सोमवारी हिंजवडीला जेवणाच्या सुट्टीत कँटीनला न जाता टाइप केलं. चांगलं लिहिलं होतं. वाचणाऱ्याला शंका आली नसती. प्रणालीला तसाही कुणी वकील नाही. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी कुणीतरी ती लिहिली आणि सगळ्यांना दिली. त्यांना मंडईजवळची ही खोली कधी कळणारही नाही. फक्त त्या सहा वाचनालयांना कळलं असतं. जुन्नरच्या ग्रंथपालांनी तीन महिने खपून नऊ हजार नोंदी केल्या आहेत. त्यांच्या समितीतही एखादे रंगनाथराव असतीलच.

बसनं घरी आले. पान बाबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"दोष होता का?" त्यांनी विचारलं.

"नव्हता."

"मग असं कसं लिहिशील?"

"तुम्ही सुटाल."

"तुला इंजिनियर कशाला केलं?" ते म्हणाले. रागानं नाही. खरंच विचारत असल्यासारखं. मग त्यांनी ते पान फाडलं नाही, घडी करून मला परत दिलं. वाचनालयात तीस वर्षं काढलेला माणूस कागद फाडत नाही.

थोड्या वेळानं ते म्हणाले की परवा रंगनाथरावांनी त्यांना मंडईत पाहिलं आणि "अरे बाबुराव" अशी हाक मारली. तीस वर्षं "अहो" म्हणत होते. "आरोप सिद्ध व्हायचाय अजून," बाबा म्हणाले, "पण अहो आधीच काढून घेतलं."

आज सहा डिसेंबर. बाबा दरवर्षी आजच्या दिवशी दादरला जातात. रांगेत उभं राहून दर्शन घेतात आणि येताना तिथल्या पुस्तकांच्या दुकानांतून एक पुस्तक आणतात. एकच, दरवर्षी. त्यावर आतल्या पानावर तारीख घालतात, शिक्का नसतो म्हणून चौकोन काढतात. या वर्षी ते गेले नाहीत. आई म्हणाली, तुमचे मित्र निघालेत, जा की. ते म्हणाले, "घरात नवीन पुस्तक नको."

हे वाक्य ऐकल्यावर मी हे पत्र लिहायला बसले.

तुम्ही एकदा मला विचारलं होतं, "कोहा कोहा काय म्हणतेस, कोहा म्हणजे काय गं?" मी सांगितलं होतं की प्रणालीचं नाव आहे, न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा शब्द. भेट, देणगी. पण अशी भेट की जिच्या बदल्यात घेणाऱ्यानंही कधीतरी काही द्यावं असं धरलेलं असतं. तुम्ही हसलात. "मग फुकट कुठे झालं," म्हणालात.

तुम्ही मला खुर्ची दिलीत, फाटकी पुस्तकं दिलीत. आम्ही तिघांनी ती भेट मानली. बाबा अजून मानतात. नोटिशीला एका वाक्याचं उत्तर देऊन ते तिची परतफेड करताहेत. मी २८ जूनला चार मिनिटांत केली. आता माझ्याकडे द्यायला काही उरलेलं नाही.

एक गोष्ट मी आतापर्यंत लिहिली नव्हती. रंगनाथरावांनी चौदा पुस्तकं नेली. तुम्ही मला पंधरा दिली होतीत. पंधरावं त्या दिवशी घरी नव्हतं, माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होतं. इंग्रजी-मराठी शब्दकोश, पुठ्ठा नसलेला, दाखल क्रमांक ४४१७. लाल वहीत ४४१७ समोर बागकामाचं एक पुस्तक आहे, हे मला पाठ आहे, कारण ती ओळ मीच उतरवली. ते बागकामाचं पुस्तक आज १७,३५८ या क्रमांकावर वाचनालयात आहे.

शब्दकोशात शिक्क्याच्या खाली तुमच्या अक्षरात लिहिलं आहे: "कल्याणीस, दहावीच्या यशाबद्दल. पद्मजा. १४ जून १९९७." अठरा वर्षांत तुम्ही त्या पद्धतीवर सही केलीत ती एवढीच. बाकी सगळ्या पुस्तकांत बाबांचं अक्षर आहे.

१५ तारखेला माझ्यापाशी दुसरं काही नसेल तर मी ते पुस्तक टेबलावर ठेवीन. त्यानं एक पुस्तक तुम्ही दिलेलं होतं, एवढं सिद्ध होईल. कदाचित त्यावरून बाकीची चौदाही तशीच धरली जातील. मग ते पुरावा म्हणून फायलीत जाईल, त्याला त्यांचा एक क्रमांक पडेल, आणि मला परत मिळणार नाही. मला ते टेबलावर ठेवायचं नाही. कारण लिहीत नाही.

तुमचं नाव खराब होईल, याची तुम्हाला भीती असेल. होईल. थोडंसं होईल. ठरावाशिवाय पुस्तकं काढली, असं म्हणतील. तुमचा फोटो कदाचित कोपऱ्यात जाईल. यात कुणी तुम्हाला चोर म्हणणार नाही. बाबांच्या बाबतीत शब्द आधीच ठरलेला आहे आणि छापून यायचा बाकी आहे.

वही तुमच्याकडे आहे असं मी धरून चालले आहे. तुम्ही कागद रद्दीत देत नाही. वाचनालयाच्या १९७९ च्या पावत्यासुद्धा तुम्ही बांधून ठेवल्या होत्यात.

सोबत पत्ता घातलेलं आणि तिकिटं लावलेलं मोठं पाकीट आहे. वही त्यात मावते, मी तेवढ्याच आकाराची वही घालून पाहिली आहे. वही पाठवायची नसेल तर सहीचं एक पान पाठवा. तेही नसेल तर "देणार नाही" एवढं लिहा. कोरं पाकीट पाठवू नका आणि "बहुधा" लिहू नका.

बुधवार, १२ डिसेंबरपर्यंत तुमचं उत्तर माझ्या हाती यावं, ही विनंती.

कल्याणी